तार कोठें तुटली?



चाळीसगांव-धुळें ही आगगाडीची शाखा 1900 सालीं सुरू झाली. समजा, त्या वाटेवर धुळ्याहून चाळीसगांवास तारेनें निरोप जाईनासा झाला. अशा वेळीं सारी वाट पायीं तुडविणें शहाणपणाचें नव्हे. आधीं शिरूडला हांक द्यावी. तेथून उत्तर आलें तर पुढें जामद्याला. ज्या दोन स्थानकांमध्यें उत्तर थांबतें, तेथेंच दोष शोधावा. तारायंत्राच्या काळांतील हीच रीत संगणकांच्या जाळ्यांतही कशी रुजली, तें आज पाहूं.

युनिक्स ही संगणकप्रणाली 1969 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मास आली. पुढें 1 जानेवारी 1983 रोजीं आर्पानेट ह्या जाळ्यानें टीसीपी-आयपी ही नवी नियमावली स्वीकारली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मेरीलँड येथील लष्करी प्रयोगशाळेंत माइक मूस ह्यांना आपल्या जाळ्याचें वर्तन चमत्कारिक वाटूं लागलें. त्यांनीं रात्र जागून युनिक्सवर एक छोटासा कार्यक्रम लिहिला. तो दूरच्या यंत्रास हांक देई आणि प्रतिसादास किती वेळ लागला तें मोजी. पाण्याखालील वस्तु ध्वनीनें हुडकणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला त्यांनीं ‘पिंग’ हें नांव दिलें.

मूस ह्यांनीं नमूद केलेली एक हकीकत मोठी मौजेची आहे. एका गृहस्थांच्या इमारतींत जोडणी मधूनमधून तुटे. त्यांनीं प्रत्येक उत्तरासरशी संगणकानें मोठ्यानें ‘पिंग’ म्हणावें अशी योजना केली, आणि मग ते तारेचा एकेक सांधा हालवीत फिरले. जेथें आवाज बंद पडला, तेथें दोष सांपडला!

1988 सालीं कॅलिफोर्नियांतील व्हॅन जेकब्सन ह्यांनीं ‘ट्रेसरूट’ रचला. त्याची युक्ति अशी कीं, पहिल्या निरोपाचा परवाना एकाच मुक्कामापुरता द्यावयाचा, दुसऱ्याचा दोन मुक्कामांपुरता. परवाना जेथें संपतो, तेथील यंत्र तसें कळवितें. त्यामुळें वाटेंतील स्थानकें क्रमानें उमगत जातात.

आज धुळ्यांतील एखाद्या विद्यार्थ्याच्या अर्जाची मुदत संपत आली असतां जोडणी तुटते, आणि तो मुंबईच्या यंत्रास बोल लावतो. त्यानें आधीं आपल्या पायाजवळची तार पाहावी. मग आपल्या यंत्रास पत्ता मिळाला आहे कीं नाहीं, तें पाहावें. त्यानंतर गांवाच्या वेशीप्रमाणें असलेल्या घरच्या निर्गमद्वारास, म्हणजे राउटरास, हांक द्यावी. पुढें बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्यास. अंकाला उत्तर येतें पण नांवाला येत नाहीं, असें झाल्यास तार शाबूत आहे. नांवांचे अंक करून देणाऱ्या व्यवस्थेंत, डीएनएसमध्यें, बिघाड आहे. ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस ह्यांनीं 1983 सालींच आंखली.

मात्र एक सावधगिरी हवी. कित्येक यंत्रांना हांकेस ओ देऊं नये अशीच आज्ञा असते. म्हणून एकट्या मौनावरून निकाल देऊं नये. त्यापलीकडच्या यंत्रासही विचारावें.

दूरच्यास दोष देणें सोपें असतें. परंतु ज्यानें आपल्या उंबऱ्यापासून एकेक पायरी तपासली, त्यालाच दोषाचें ठिकाण खात्रीनें सांगतां येतें, आणि त्याचाच अर्ज वेळेवर पोंचण्याची आशा अधिक.