माझ्या नवऱ्याची बायको

माझ्या नवऱ्याची बायको ही झी मराठी वाहिनीवरील कौटुंबिक मालिका असून तिचे प्रसारण २२ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाले व मार्च २०२१ मध्ये संपले. अनिता दाते-केळकर यांनी राधिका सुभेदार, तर अभिजीत खांडकेकर यांनी तिचा पती गुरुनाथ ही भूमिका साकारली.

नागपूरहून लग्न होऊन मुंबईत आलेल्या राधिकेला गुरुनाथाचे शनायाशी असलेले प्रेमसंबंध कळतात. संसार वाचवण्याचे तिचे प्रयत्न निष्फळ ठरतात आणि अखेर घटस्फोट होतो. रूढ कथानक येथेच आटोपले असते. परंतु पुढील कथेत घटस्फोटित पत्नीच नव्या जोडप्याच्या मार्गातील मोठी अडचण ठरते. राधिका मसाल्यांचा उद्योग उभारते, मुलगा अथर्वला वाढवते आणि पुढे सौमित्रशी (अद्वैत दादरकर) विवाह करते. शनायाचे प्रेम गुरुनाथाच्या पैशावर अधिक असल्याने त्याची ओढाताण विनोदी अंगाने रंगते. शनायाची भूमिका आरंभी रसिका सुनील, मध्यंतरी ईशा केसकर आणि शेवटी पुन्हा रसिका सुनील यांनी केली.

मालिकेच्या लोकप्रियतेत राधिकेच्या वैदर्भी बोलीचा वाटा मोठा होता. मूळच्या नाशिकच्या दाते यांनी ती आत्मसात केली. मात्र ही बोली म्हणजे संपूर्ण विदर्भाची भाषा नव्हे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीबोली तिच्याहून वेगळी असून झाडीपट्टी रंगभूमीवर ती ऐकू येते. दूरचित्रवाणीवर तिला असे स्थान क्वचितच लाभले.