न बांधलेल्या रस्त्यावरील रहदारी

सुगीच्या दिवसांत हमरस्त्याच्या कडेला, एखाद्या झाडाच्या सावलीत टेबल मांडून बसलेला गणतीदार अनेकांनी पाहिला असेल. समोरून वाहन गेले की तो कागदावर एक उभी रेघ ओढतो. चार रेघा झाल्या की पाचवी त्यांवरून तिरपी जाते आणि पाचांचा एक जुडगा पुरा होतो. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत, रात्रंदिवस, सात दिवस हे काम चालते. अलीकडे यंत्रे आणि कॅमेरेही ते करू लागले आहेत. आठवड्याच्या बेरजेला सातांनी भागले म्हणजे जो आकडा मिळतो, त्यास दैनिक सरासरी रहदारी म्हणतात. रस्ता किती रुंद करावा, त्यावर किती खर्च करावा, याचा निर्णय पुष्कळदा या आकड्यावर अवलंबून असतो. म्हणून हा आकडा काय सांगतो, आणि त्याहीपेक्षा काय सांगत नाही, हे जाणणे अगत्याचे आहे.

सरासरी ही उपयुक्त खरी. पण ती काही गोष्टी झाकूनही ठेवते. समजा, एका कच्च्या रस्त्यावर वर्षाचे आठ महिने रोज तीनशे वाहने धावतात आणि पावसाळ्याचे चार महिने चिखलामुळे एकही जात नाही. वर्षाची सरासरी दोनशे येईल. गंमत अशी की त्या रस्त्यावर दोनशे वाहने एकाही दिवशी दिसलेली नसतील! आणि चार महिने गाव जगापासून तुटते, ही मुख्य गोष्ट त्या नीटनेटक्या आकड्यात कोठेही आढळणार नाही.

गणतीचे नियम करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या अभियंत्यांच्या संस्थेने १९७२ साली ग्रामीण भागांतील रस्त्यांसाठी गणतीची पद्धत ठरवून दिली. गणती वर्षातून दोनदा घ्यावी, एकदा सुगीच्या व मालविक्रीच्या ऐन हंगामात आणि एकदा मंदीच्या दिवसांत, असे तीत सांगितले. सलग सात दिवस गणती घेतल्यामुळे आठवड्याच्या बाजाराचा दिवस आपोआप तीत येतो. मात्र जवळपास जत्रा किंवा प्रदर्शन असल्यास गणती काही दिवस पुढे ढकलावी, असाही दंडक आहे. त्यामागील हेतू उघड आहे. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर जे दृश्य दिसते, त्यावरून वर्षभराचा हिशेब मांडता येणार नाही. परंतु त्याच वेळी हेही खरे की, त्या वाटेवर मनुष्याला रस्त्याची सर्वांत अधिक गरज ज्या दिवसांत भासते, नेमके तेच दिवस हिशेबातून वगळले जातात.

रहदारी मोजण्याची कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्समध्ये १८४४ साली राष्ट्रीय मार्गांवरील रहदारीची देशव्यापी गणती सुरू झाली. त्या काळी मोटारी नव्हत्या, म्हणून गाड्यांना जुंपलेली जनावरे मोजली जात. रस्त्याची झीज किती होते आणि दुरुस्तीस खडी किती लागेल, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. म्हणजे आधी प्रश्न ठरला आणि मग त्याला अनुरूप असे मोजमाप ठरले.

हे तत्त्व आपल्याकडील बैलगाडीच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. रस्त्यावर किती गर्दी मावते हे पाहताना निरनिराळी वाहने एकाच मापात आणावी लागतात. त्यासाठी मोटारगाडीस एक धरले, तर ट्रकला किंवा बसला तीन, सायकलला अर्धा, लहान बैलगाडीला सहा आणि मोठ्या बैलगाडीला आठ असे भारतीय अभियंत्यांनी ठरविले. बैलगाडी संथ चालते आणि मागच्या सर्वांना अडवून धरते, म्हणून तिचे वजन एवढे मोठे! पण डांबरी रस्त्याचा थर किती जाड हवा हे ठरविताना तीन टनांहून कमी भाराची वाहने सोडून देतात. तेथे बिचाऱ्या बैलगाडीची किंमत शून्य होते. वास्तविक लोखंडी धावेच्या चाकांनी खडी फुटते, ही बांधकाम खात्याची तक्रार फार जुनी. तरीही जड ट्रकपुढे ती गाडी नगण्य ठरते. कारण आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते, असा अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात घेतलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष आहे. एकच गाडी एका हिशेबात आठ आणि दुसऱ्या हिशेबात शून्य! तेव्हा संख्या स्वतः होऊन काहीच बोलत नाही. तिला विचारलेल्या प्रश्नाचेच ती उत्तर देते.

रुंदी किती आणि जाडी किती, हे प्रश्न असलेल्या रस्त्यासंबंधीचे झाले. रस्ता कोठे बांधावा, हा प्रश्न मात्र निराळा आहे. नदीवर पूल नाही, म्हणून पैलतीरीच्या गावात गाडी जात नाही. गाडी जात नाही, म्हणून गणतीदाराच्या कागदावर रेघ उमटत नाही. आणि रेघ नाही, म्हणून पुलाची गरज नाही असा निष्कर्ष निघतो. या चक्रात सापडलेले गाव कितीही वर्षे थांबले तरी त्याची पाळी यायची नाही. जे गेले ते मोजले जातात. जाऊ न शकलेले मोजलेच जात नाहीत.

या चक्रातून बाहेर पडण्याचा यत्न भारतात झाला आणि त्याचा आरंभ एका महाराष्ट्रीय पुढाऱ्याच्या अध्यक्षतेखाली झाला. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते. रस्त्यांचा भार प्रांतिक सरकारे आणि स्थानिक संस्था यांच्या ऐपतीपलीकडे गेला असून हा विषय आता राष्ट्रीय महत्त्वाचा झाला आहे, असे मत समितीने १९२८ च्या अहवालात मांडले. त्यास अनुसरून १९२९ साली पेट्रोलवर दर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून मध्यवर्ती रस्ते निधी उभारण्यात आला. इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापनाही याच प्रेरणेतून १९३४ साली झाली.

पुढे १९४३ च्या डिसेंबरात, महायुद्ध चालू असतानाच, देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली. साऱ्या देशासाठी वीस वर्षांची रस्तेयोजना आखावयाची होती. या अभियंत्यांनी आपली योजना रहदारीच्या गणतीवर उभारली नाही. त्यांनी क्षेत्रफळ पाहिले, शेती पाहिली आणि लोकवस्ती पाहिली. मुख्य रस्त्यांसाठी शेतीखालील दर पाच चौरस मैलांस एक मैल आणि इतर जमिनीच्या दर वीस चौरस मैलांस एक मैल असे प्रमाण ठरले. पाच हजारांहून अधिक वस्तीच्या गावामागे त्यात आणखी पाच मैलांची भर पडली. खेड्यांच्या रस्त्यांसाठी, पाचशेपर्यंत वस्तीच्या पाच खेड्यांमागे एक मैल, एक ते दोन हजार वस्तीच्या खेड्यामागे पूर्ण एक मैल, असे कोष्टक बांधले गेले. सुपीक प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हे त्यामागील ध्येय होते. सबंध देशात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सोळा किलोमीटर रस्ता, हे त्याचे उद्दिष्ट. ज्या खेड्यात कधी चाक फिरले नव्हते, त्यालाही या कोष्टकाने हिशेबात जागा दिली, हेच त्याचे मोठेपण.

कोष्टकही निर्दोष नव्हते. मुख्य रस्त्यांच्या बेरजेतून लोहमार्गांची लांबी वजा केली जाई. गावाशेजारून रूळ जातात, पण गाडी थांबत नाही, अशा खेड्याला त्या वजाबाकीचा काय लाभ? १९६१ पर्यंत लांबीचे उद्दिष्ट पार पडले, तरी अनेक ठिकाणी पूल राहून गेले आणि पृष्ठभाग कच्चाच राहिला. १९५९ साली मुख्य अभियंत्यांच्या बैठकीत पुढील वीस वर्षांची योजना पक्की झाली. मुंबई योजना या नावाने ती ओळखली जाते. तिने उद्दिष्ट दुप्पट, म्हणजे दर शंभर चौरस किलोमीटरमागे बत्तीस किलोमीटर केले आणि लोहमार्गांची ती वजाबाकी काढून टाकली.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत या दोन विचारांचा योग्य मेळ दिसतो. पाचशे किंवा अधिक लोकवस्तीच्या, आणि डोंगराळ, वाळवंटी वा आदिवासी भागांत अडीचशे वस्तीच्या, वाडीला बारमाही रस्ता मिळावा असे तीत ठरले. येथे निकष माणसांचा आहे. मात्र त्या रस्त्याची रुंदी ठरविताना गणतीकडे पाहिले जाते. रोजची मोटारवाहने शंभरांहून कमी असतील आणि पुढे वाढण्याचा संभव नसेल, तर पावणेचार मीटरऐवजी तीन मीटर रुंदी पुरेशी मानतात. रस्ता हवा की नको हे माणसे ठरवितात. किती मोठा हवा हे वाहने ठरवितात.

गणतीदाराच्या रेघांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांच्यावाचून पैशाचा अपव्यय होईल, अरुंद रस्ते कोंडतील आणि पातळ थर पहिल्याच पावसात उखडतील. परंतु तो कागद वाचणाऱ्याने त्यावरील रेघांबरोबर त्याच्या कोऱ्या जागेकडेही पाहावे. पुष्कळदा तेथेच पुराच्या काठाशी एखादे गाव पाणी ओसरण्याची वाट पाहत उभे असते.