आजीचा अंगठा आणि मेंदूतली तार

बचत गटाच्या बैठकीत एखादी आजी सही करता करता थांबते. हात थरथरतो, अक्षर बारीक होत जातं, शेवटी ती अंगठा पुढे करते. आपण म्हणतो, "वय झालं आता." पण दरवेळी ते वय नसतं. तो कंपवातही असू शकतो. त्याच्या उपचाराची ही गोष्ट.

आयुर्वेदाला कंपवात जुना ओळखीचा. त्यावर खाजकुइलीचं बी देत. हीच ती, अंगाला लागली की आग करणारी वेल. १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर पुस्तिका लिहिली, म्हणून डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं. मेंदूत डोपामिन कमी पडलं की हालचाल मंदावते, आणि लेव्होडोपा ती उणीव भरून काढतं. हे १९६० च्या दशकात कळलं, आणि आजही मुख्य गोळी तीच आहे. पण म्हणून बी कुटून खाऊ नका, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरू लागतो, अंग आपोआप वळवळतं. पूर्वी अशा वेळी मेंदूतला बारीकसा भाग जाळून टाकत. जागा नेमकी सापडावी म्हणून आधी तिथं थोडी वीज देऊन बघत. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल गावी डॉ. बेनाबिद असंच तपासत होते. विजेचे ठोके सेकंदाला शंभराच्या आसपास नेले आणि हात स्थिर झाला. वीज बंद केली, थरथर परत आली. मग जाळायचं कशाला? तारच आत ठेवली, आणि बॅटरी छातीच्या कातडीखाली.

या शस्त्रक्रियेत पुष्कळदा माणूस जागा असतो, कारण मेंदूला स्वतःला वेदना नसते. डॉक्टर हात उचलायला सांगतात आणि फरक तिथंच बघतात. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया सुरू केली. पूर्णा जंक्शनवरून मुंबई एका रात्रीची वाट.

तरी शेत विकायची घाई करू नका. खर्च लाखांत जातो, काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, आणि आजार मुळातून जात नाही. ज्यांना गोळी लागू पडते पण तिचा असर टिकत नाही, अशा निवडक लोकांनाच तिचा खरा उपयोग. स्मृती फार गेलेली असेल तर डॉक्टर नको म्हणतात.

म्हणून आधी तपासणी. थायरॉईडनंही हात कापतो, काही औषधांनीही. मांडीवर निवांत ठेवलेला हात थरथरत असेल, चाल मंदावली असेल, तर मेंदूविकार तज्ज्ञांकडे न्या. पुढच्या बैठकीत आजीपुढं शाईचा पॅड सरकवण्याआधी तिला एवढंच विचारा, "आजी, हात कधीपासून कापतोय?"