हसणाऱ्यांवाचून हास्य : ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील भीषण विनोद

हास्य आणि भयानक यांचे वैर आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने हास्याचे दोन विरोधी सांगितले, एक भयानक आणि दुसरा करुण. वर्गात हा भाग शिकविताना आम्ही तो वर्षानुवर्षे निःशंकपणे सांगत आलो. निवृत्तीनंतर एका माजी विद्यार्थ्याने एका ब्रिटिश मालिकेचे काही भाग आम्हांस पाहावयास दिले. रात्री ते पाहत बसलो असता, ज्या प्रसंगी अंगावर काटा यावा नेमक्या त्याच प्रसंगी आम्ही मोठ्याने हसलो, आणि हसल्यावर दचकलो. घरात दुसरे कोणी जागे नव्हते. पडद्यामागूनही कोणाच्या हसण्याचा आवाज येत नव्हता. ते हसू सर्वस्वी आमचे होते आणि त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलता येण्याजोगी नव्हती.

विश्वनाथाच्या नियमाने या अनुभवाचा उलगडा झाला नाही. झाला तो जगन्नाथपंडिताने रसगंगाधरात दिलेल्या एका भेदामुळे. हास्य दोन प्रकारचे, आत्मस्थ आणि परस्थ. विभाव दिसताच पाहणाराच्या ठायी आपोआप उपजते ते आत्मस्थ. दुसऱ्याला हसताना पाहून जे उपजते ते परस्थ. शिक्षकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. मागच्या बाकावरील एक पोरगा फिसकन हसला की कारण ठाऊक नसतानाही सारा वर्ग हसू लागतो, हे त्याने शेकडो वेळा पाहिलेले असते.

ब्रिटिश दूरचित्रवाणीचा विनोद प्रारंभीची अनेक दशके या परस्थ हास्यावरच पोसला गेला. नाट्यगृह आणि नभोवाणी यांच्याकडून तिने ती रीत घेतली. चित्रीकरणाच्या वेळी कलागृहात निमंत्रित प्रेक्षक बसवावयाचे, त्यांचे हसणे ध्वनिक्षेपकाने टिपावयाचे आणि प्रयोगाबरोबर तेही घरोघर पोचवावयाचे. घरी बसलेल्याला त्यातून दोन गोष्टी कळत : कोठे हसावयाचे, आणि तेथे हसण्यास प्रत्यवाय नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ब्रिटिशांच्या भीषण विनोदाचा दूरचित्रवाणीवरील इतिहास म्हणजे आमच्या मते या निमंत्रित प्रेक्षकाशी चाललेले एक दीर्घ भांडण आहे.

विनोदाची ही जात अर्थात दूरचित्रवाणीहून पुष्कळ जुनी. गरिबांच्या मुलांचे मांस श्रीमंतांच्या ताटात वाढावे असे गंभीर चेहऱ्याने सुचविणारा स्विफ्टचा निबंध १७२९ मधला. बायको, मूल आणि फाशी देणारा या सर्वांचा निकाल लावणारा पंच हा बाहुला तर त्याच्याही आधीचा; १६६२ साली सॅम्युएल पेप्स याने लंडनमध्ये त्याच्या इटालियन पूर्वजाचा खेळ पाहिल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. लहान मुलांसमोर समुद्रकिनारी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या होत आला आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

या वंशावळीतील विसाव्या शतकाचा मूळपुरुष आपल्या मुलखात जन्मला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्पाइक मिलिगन याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे झाला (२०२४ पासून हे नगर अहिल्यानगर या नावाने ओळखले जाते). बाप फौजेत असल्याने बालपणाची काही वर्षे पुण्यातही गेली. दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. उत्तर आफ्रिकेत त्याच्या तुकडीची तोफ कड्यावरून घसरून खाली असलेल्या हॅरी सीकोम नावाच्या सैनिकाच्या वाहनाजवळ कोसळली. कोणी तोफ पाहिली काय, असे मिलिगनने विचारता कोणत्या रंगाची, असा प्रतिप्रश्न आला, अशी कथा सांगतात. पुढे १९४४ साली इटलीत कासिनोच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि त्याचे मन कायमचे दुखावले गेले. तोच सीकोम आणि पीटर सेलर्स यांच्यासह त्याने १९५१ ते १९६० पर्यंत बी. बी. सी.च्या नभोवाणीवर ‘द गून शो’ चालविला. त्यातील माणसे स्फोटांत मरतात आणि पुढच्या वाक्याला पुन्हा बोलू लागतात. युद्ध पाहिलेल्या पिढीला हे अतर्क्य वाटले नसावे.

दूरचित्रवाणीवर मात्र पहिला खरा घाव घातला तो गॅल्टन आणि सिम्प्सन या लेखकद्वयाने. हे दोघे एकमेकांना भेटले तेच क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात. १९६२ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘स्टेप्टो अँड सन’ या मालिकेत भंगार गोळा करणारा एक म्हातारा आणि त्याचा मध्यमवयीन अविवाहित मुलगा एवढेच कुटुंब. मुलाला घर सोडावयाचे आहे. बाप त्याला सोडू देत नाही. त्यासाठी तो खोटे बोलतो, आजाराचे सोंग करतो, मुलाने घरी आणलेल्या स्त्रीला पिटाळून लावतो. एका भागात बाप घरातल्या पत्र्याच्या टबात अंघोळ करीत जेवतो आणि मुरवलेला कांदा पाण्यात पडला की चाचपून काढून पुन्हा तोंडात टाकतो. कलागृहातील प्रेक्षक या दृश्याला पोट धरून हसतात. पण थोडा वेळ गेला की बापलेकांच्या संवादात असे एक वाक्य येते की त्या हसण्याचा आवाज मध्येच विरतो आणि क्षणभर शांतता पसरते. ही शांतता आम्हांस फार मोलाची वाटते. विनोदी नट न घेता रंगभूमीवरील गंभीर नट घेतल्याचा तो परिणाम होता. बापाची भूमिका करणारा विल्फ्रिड ब्रॅम्बेल हा मुलाची भूमिका करणाऱ्या हॅरी कॉर्बेटहून केवळ तेरा वर्षांनी मोठा होता, हे कळल्यावर तर त्या जोडीचे कौतुक अधिकच वाटते. मालिकेची लोकप्रियता एवढी, की १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी तिच्यामुळे मतदार घरातच बसून राहतील अशी धास्ती हॅरल्ड विल्सन यांना वाटली आणि त्यांनी बी. बी. सी.च्या प्रमुखांकडे ती वेळ बदलण्याविषयी शब्द टाकला.

निमंत्रित प्रेक्षकाची उघड थट्टा केली ती ‘मॉन्टी पायथन’ मंडळींनी. डिसेंबर १९७० मधील त्यांच्या एका प्रवेशात एक तरुण आईचे प्रेत पोत्यात घालून अंत्यविधी करणाऱ्याच्या दुकानी येतो. दुकानदार विचारतो, पुरावयाचे, जाळावयाचे, की... आणि मग आपण दोघे मिळून खाऊन टाकू असे सुचवितो. तरुणाला प्रथम किळस येते, मग थोडी भूकही लागलेली असते. हा प्रवेश दाखविण्यास बी. बी. सी.ने एक अट घातली : प्रेक्षकांनी संतापून आरडाओरड केली पाहिजे. तेव्हा प्रेक्षक ओरडतात, रंगमंचावर धावून येतात, आणि तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झाल्याने सर्व जण जागच्या जागी ताठ उभे राहतात. म्हणजे हसणे शिकविलेले होते तसा संतापही शिकविलेलाच निघाला. वरिष्ठांनी घातलेली अटच विनोदाचा कळस झाली. अधिकाऱ्यांच्या टिपणीचा एवढा सदुपयोग आम्ही अन्यत्र पाहिला नाही.

पुढील वीस वर्षांकडे आम्ही धावतीच नजर टाकतो. १९८२ मध्ये चॅनल फोर ही नवी वाहिनी आली, ‘द यंग वन्स’सारख्या आदळआपट करणाऱ्या मालिका आल्या. ‘ब्लॅकॲडर’ची मात्र आठवण ठेवावयास हवी. नोव्हेंबर १९८९ मधील तिच्या अंतिम भागात सहा आठवडे आपल्याला हसविणारी पात्रे खंदकातून बाहेर पडून गोळीबारात शिरतात आणि त्यांच्या जागी शेवटी फुलांचे रान दिसते. तेथे कोणी हसत नाही.

आता ज्या मालिकेने आम्ही दचकलो तिच्याकडे येऊ. ‘द लीग ऑफ जेंटलमेन’ ही बी. बी. सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर जानेवारी १९९९ मध्ये अवतरली. मार्क गॅटिस, स्टीव्ह पेम्बर्टन, रीस शिअरस्मिथ आणि जेरेमी डायसन हे तिचे लेखक. पहिले तिघे स्त्रीपुरुषांच्या बहुतेक सर्व भूमिका स्वतःच करतात. (बालगंधर्वांच्या स्मृतीत रमणाऱ्यांनी येथे लावण्याची अपेक्षा ठेवू नये.) कथा घडते ती उत्तर इंग्लंडमधील रॉयस्टन व्हेझी या काल्पनिक गावी, चित्रीकरण झाले डर्बीशायरमधील हॅडफील्ड येथे. गावच्या वेशीवरील स्वागतफलकच, आलेला येथून परत जाणार नाही, असे सुचवितो. खाटीक ठरावीक गिऱ्हाइकांना एक ‘खास जिन्नस’ गुपचूप पुरवितो; तो काय हे मालिका कधीच स्पष्ट सांगत नाही आणि प्रत्येक प्रेक्षक आपल्या मनाप्रमाणे ठरवितो. बेकारांच्या वर्गाची शिक्षिका पॉलीन आपल्या विद्यार्थ्यांना नोकरी मिळू नये अशाच थाटात त्यांचा पाणउतारा करते. पुढे तिचीच नोकरी जाते आणि तिला त्याच तऱ्हेच्या वर्गात बाकावर बसावे लागते. १९८० नंतरच्या दशकात गिरण्या व खाणी बंद पडून उत्तर इंग्लंडची जी अवस्था झाली, तिचे प्रबंधांत न सापडणारे चित्र या वर्गात सापडते.

मालिकेचा मध्यबिंदू मात्र माळरानावरील एक दुकान. टब्ज आणि एडवर्ड हे विद्रूप जोडपे ते चालविते. येणाऱ्याला पहिला प्रश्न, तू स्थानिक आहेस काय? नसेल तर तो परत जात नाही. दुकानातील चीजवस्तू पवित्र. परक्याने हात लावला की टब्ज किंचाळते. पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहूनही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न ज्यांना ऐकावा लागतो, अशा आमच्यासारख्या मराठी माणसांना या दुकानाची भीती निराळी सांगावयास नको. पण आम्ही दचकलो ते भीतीने नव्हे. आमच्या साहित्यमंडळाच्या बैठकीत नव्या सभासदाचा अर्ज वाचला गेला की ‘हे कोणाचे कोण? यांचे मराठी कुठले?’ असा एक आवाज हमखास उठतो. पुष्कळदा तो आमचाच असे. टब्ज किंचाळली तेव्हा आम्हांस तो आवाज ऐकू आला आणि आम्ही हसलो.

या मालिकेच्या पहिल्या दोन पर्वांत प्रेक्षकांचे हसणे आहे. २००२ च्या तिसऱ्या पर्वात ते काढून टाकले. ऐकावयास ही किरकोळ तांत्रिक बाब. पण दोन्ही पर्वे लागोपाठ पाहिली की कळते, हसण्याचा आवाज गेल्याबरोबर तेच वेश आणि तीच माणसे निराळी दिसू लागतात. त्यांचे एकाकीपण पुढे येते. परस्थ हास्याचा आधार सुटला की आत्मस्थ हास्याला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

क्रिस मॉरिस याने ‘जॅम’ (२०००) या मालिकेत हे टोकाला नेले. एक आई नळकारागिराला बोलावते आणि आपले मृत मूल दुरुस्त करावयास सांगते. बंब बिघडला तर दुरुस्त करता ना, मग हे का नाही, हा तिचा युक्तिवाद. संथ, धूसर संगीत तेवढे ऐकू येते. आम्हांस येथे हसू आले नाही. तथापि शोकाने विवेक गमावलेल्या माणसाचे तर्कशास्त्र इतके अचूक मांडलेले आम्ही क्वचितच पाहिले. शिअरस्मिथ आणि पेम्बर्टन यांनी २०१४ ते २०२४ या काळात ‘इनसाइड नंबर नाइन’ या मालिकेच्या पंचावन्न स्वतंत्र कथा सादर केल्या, त्यांतील २०१५ ची ख्रिस्टीन नावाच्या तरुणीची कथा तर हास्याला करुणाचे वैर मुळी मान्यच करीत नाही. तिच्या आयुष्यातील सणावारांचे तुटक, गमतीदार प्रसंग पाहत आपण शेवटी पोचतो तो तिच्या अपघाती मृत्यूच्या क्षणाशी.

या विनोदाचे सगळेच आम्ही पत्करतो असे नाही. ‘लीग’मधील पापा लाझारू हा सर्कसवाला काळा चेहरा रंगवून येतो, त्या कारणाने २०२० साली नेटफ्लिक्सने ती मालिका काढून टाकली. ते विदूषकाचे रंगकाम होते, कृष्णवर्णीयाचे सोंग नव्हते, असे शिअरस्मिथ यांचे म्हणणे. हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. परंतु ज्या बी. बी. सी.ने १९५८ पासून १९७८ पर्यंत गोऱ्यांची तोंडे काळी करून गाणी म्हणविण्याचा कार्यक्रम चालविला, तिच्याच पडद्यावर तो रंग निरागस कसा राहावा? टब्जला हसताना आम्ही आमच्याकडे पाहतो; लाझारूकडे पाहताना तसे होत नाही. भीती तेथे परक्याची राहते, आणि ती तर दुकानातल्याच जोडप्याची भीती.

मिलिगन २००२ च्या फेब्रुवारीत वारला. लीगचे हसण्याविना असलेले पर्व त्याच वर्षी पुढे आले. ससेक्समधील विंचेल्सी येथे त्याचे दफन झाले. मी आजारी आहे असे मी तुम्हांला सांगितले होते, अशा अर्थाचे एक वाक्य त्याच्या थडग्यावर कोरावयाचे होते. चर्चच्या अधिकाऱ्यांनी ते इंग्रजीत कोरू दिले नाही. आयरिश भाषेत मात्र चालेल म्हणाले. तसे ते कोरलेले आहे. येणारे जाणारे थांबतात, अक्षरांवर बोट फिरवितात, आणि ज्याला ती भाषा कळते तो एकटाच हसतो.