श्रीरंगाची हाक, इलेक्ट्रिक गिटारवर

1971 साली इंग्लंडच्या जेनेसिस बँडनं 'द फाउंटन ऑफ सॅलमॅसिस' हे गाणं काढलं. तळ्यातल्या एका अप्सरेचा हर्मिस देवाच्या मुलावर जीव जडतो, ती त्याला मिठी मारते आणि दोघांचं एकच शरीर होऊन जातं, अशी ती ग्रीक कथा. रोमन कवी ओव्हिडनं ती सांगितली होती. तिथून ती प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये आली. गाणं मला फार आवडतं. पण बघा, त्यानं कुणाची श्रद्धा दुखावण्याचा प्रश्नच नव्हता. त्या देवांची देवळं कधीच ओस पडली होती.

आमच्या बंगळुरूत तसं नाही. इथला 'अगम' हा बँड 2003 पासूनचा, कर्नाटक संगीत आणि प्रोग्रेसिव्ह रॉक एकत्र करणारा. त्यांनी मुत्तुस्वामी दीक्षितरांची 'रंगपुर विहार' ही कृती गिटार आणि ड्रम्सवर घेतली. ही तर आजही देवघरात म्हटली जाणारी प्रार्थना.

कृतीत हाक रंगनाथाला आहे आणि जयजयकार कोदंडधारी रामाचा. असं का? श्रीरंगमची स्थलकथा सांगते, की ही मूर्ती मूळची रामाच्या कुळाची. रामानं ती बिभीषणाला दिली. लंकेला जाताना त्यानं ती कावेरीकाठी खाली ठेवली, ती पुन्हा उचललीच गेली नाही. म्हणून रंगनाथ आजही दक्षिणेकडे, लंकेकडे तोंड करून पहुडलेला. रागही ऐका: बृंदावन सारंग, आपल्या वृंदावनी सारंगाचा दक्षिणेतला भाऊ. दीक्षितर काही वर्षं काशीला राहिले होते, हिंदुस्थानी सूर त्यांच्या कानात मुरले होते. आणि त्यांचं तिरुवारूर म्हणजे तंजावरच्या भोसल्यांचा मुलूख, हे आपण मराठी माणसं सहज विसरतो.

मग देवाचं गाणं असं वाजवावं का? हरकत घेणाऱ्यांना मी उडवून लावणार नाही. ढोलांच्या गर्दीत साहित्य बुडालं तर दीक्षितरांचं अर्धं काम बुडालं. त्यांनी रागाचं नावसुद्धा शब्दांत गुंफून ठेवलंय. पण सोवळ्याची बाजू घेताना दीक्षितरांनाच साक्षीला बोलावता येत नाही. मद्रासजवळच्या मणलीत असताना त्यांनी इंग्रजांच्या बँडच्या चाली ऐकल्या आणि त्यांवर देवांची संस्कृत स्तोत्रं रचली. त्यांना 'नोट्टुस्वर' म्हणतात. त्यातलं 'संततं पाहि मां' चक्क इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे, देवीची स्तुती. धाकटे भाऊ बालुस्वामी तर युरोपियन वादकाकडे व्हायोलिन शिकले आणि ते कर्नाटक संगीतात आणलं. अगमचे गायक हरीश शिवरामकृष्णन हेही व्हायोलिन वाजवतात.