स्टायलची दोन पोरं

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मँचेस्टरला काही महिने होतो. तिथल्या विमानतळाला अगदी लागून स्टायल नावाचं एक खेडं आहे. वरून विमानं जात असतात आणि खाली बॉलिन नदीच्या काठी, झाडीत, लाल विटांची एक जुनी कापडगिरणी उभी आहे. क्वॉरी बँक मिल. लालबागला वाढलेल्या माणसाचे पाय गिरणीकडे आपोआप वळतात. माझे आजोबा गिरणीत साचाखात्यात होते. म्हटलं, बघून तर येऊ.

ही गिरणी बेलफास्टहून आलेल्या सॅम्युअल ग्रेगने १७८४ मध्ये काढली. यंत्रं फिरवायला नदीचं पाणी होतं, पण त्या आडरानात कामगार आणायचे कुठून? मग गरिबांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहांतून, म्हणजे वर्कहाउसमधून, मुलं आणली. करार करून. पगार नाही, त्याऐवजी जेवण, कपडे आणि निवारा. १७९० मध्ये त्यांच्यासाठी एक वेगळं घर बांधलं. एका वेळी ८०-९० मुलं तिथे राहायची, त्यात मुलीच जास्त.

ते घर आजही पाहता येतं. पांढरं, टुमदार, पुढे भाजीचा मळा. गावात कामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या रांगा, शाळा, चर्च, सगळं नीटनेटकं. मुलांना तपासायला ग्रेगने पीटर हॉलंड नावाचा डॉक्टर नेमला होता. त्या काळात कुठला गिरणीमालक हे करत होता? मी तर भारावूनच गेलो. आमच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोल्या आठवल्या. भरपूर फोटो काढले.

मग त्या दोन पोरांची गोष्ट कळली.

जोसेफ सेफ्टन, वय १७, आणि थॉमस प्रिस्टली, वय १३. दोघं लंडनजवळच्या हॅकनीच्या वर्कहाउसमधून आलेले. १८०६ साली ते इथून पळाले आणि थेट लंडनला पोचले. अंतर जवळजवळ तीनशे किलोमीटर. तिथे मॅजिस्ट्रेटपुढे त्यांचे जबाब झाले, आणि ते जबाब टिकून राहिले म्हणून ही पोरं आपल्याला नावानिशी माहीत आहेत. एरवी अशांची नावं कोण लिहून ठेवतो?

गंमत म्हणजे जबाबात मारझोडीचं रडगाणं नाही. जेवण काय मिळायचं, कपडे कसे होते, कामाचे तास किती, सगळं सरळ सांगितलंय. थॉमसच्या डाव्या हाताचं एक बोट यंत्रात सापडून तुटलं होतं. तेही त्याने तसंच सांगितलं. डॉक्टरांनी बघितलं, हेही सांगितलं. मग पळालात कशाला?

आईला भेटायला.

मी हे वाचलं आणि तिथल्या बाकावर बसलो. सकस लापशी, स्वच्छ चादरी, डॉक्टर. या सगळ्याचा हिशोब ग्रेगने केला होता. आजारी मूल काम करत नाही, हे त्याला कळत होतं. तो दुष्ट होता असं नाही मला म्हणायचं. पण कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका बेटावर याच माणसाच्या मालकीचा मळा होता आणि तिथे गुलाम राबत होते. गिरणीत येणारा बराचसा कापूसही पुढे अमेरिकेतल्या गुलामांनीच वेचलेला असे. माणसाची नीट काळजी घेणं आणि माणूस मालकीचा समजणं, या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदू शकतात. हे जास्त भीतीदायक आहे.

१८०२ मध्येच ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा मुलांचे कामाचे तास दिवसाला १२ वर आणले होते. बारा! आणि ही सुधारणा होती. स्टायलमध्ये मुलं आणायची पद्धत १८४७ मध्ये बंद झाली. १९३९ मध्ये ग्रेग कुटुंबाने ही मालमत्ता नॅशनल ट्रस्टला दिली, १९५९ मध्ये गिरणीतलं उत्पादन थांबलं. आता लोक मुलाबाळांना घेऊन सहलीला येतात, मीही तसाच गेलो होतो.

लँकेशायरमधली यंत्रं पुढे बोटीने मुंबईला आली आणि त्यांच्यामागे कोकणातून आमची माणसं आली. आजोबा दरवर्षी गणपतीला गावी जायचे. रजा मिळाली तर ठीक, नाहीतर खाडा करून. पगार कापला जायचा, आजी कुरकुरायची. ते म्हणायचे, "आयेक भेटूक जावचा तर कोणाक इचारूचा कशाक?"

लहानपणी मला तो त्यांचा हट्टीपणा वाटायचा. स्टायलहून परतताना बसमध्ये पहिल्यांदा वाटलं, आजोबांकडे एक फार मोठी गोष्ट होती. खाडा करायची मुभा. जोसेफ आणि थॉमसकडे तेवढीसुद्धा नव्हती.

फोटो अजून आहेत माझ्याकडे. त्या पांढऱ्या घराचा फार सुंदर आलाय.