दंतारोपणातील अपयश : एका निकषाचा इतिहास

उपचारपद्धतीचा इतिहास बहुधा तिच्या यशाच्या अंगाने लिहिला जातो. परंतु जबड्याच्या अस्थीत धातूचे कृत्रिम दंतमूळ, ज्यास व्यवहारात ‘इम्प्लांट’ म्हणतात, ते बसविण्याच्या विद्येचा विकास समजून घ्यावयाचा तर अपयशाची व्याख्या केव्हा व कशी बदलली, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

विसाव्या शतकाच्या मध्यास धातू व अस्थी यांचा प्रत्यक्ष संयोग अशक्य मानला जात असे. दोहोंमध्ये तंतुमय ऊतकाचा पदर तयार होई. नैसर्गिक दाताच्या बंधाशी त्याचे साम्य कल्पून अनेक दंतवैद्य त्यास हितकरच समजत. साहजिकच दंतमूळ किंचित हलणे हा दोष गणला जात नसे. १९७८ साली हार्वर्ड येथे भरलेल्या परिषदेच्या निकषांत हीच दृष्टी आढळते. कोणत्याही दिशेस १ मिलिमीटरहून कमी हालचाल व अस्थीची एकतृतीयांश उंचीपर्यंतची झीज त्यांत ग्राह्य होती. ७५ टक्के रोग्यांत ५ वर्षे कार्य झाले म्हणजे यश मानावयाचे होते.

स्वीडनमध्ये मात्र निराळा विचार आकारास येत होता. १९५२ साली सशाच्या अस्थीतील रक्ताभिसरणाचे निरीक्षण करीत असता पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांस टायटॅनियमचा कक्ष अस्थीशी एकजीव झालेला आढळला. १९६५ साली त्यांनी पहिल्या रोग्यावर प्रयोग केला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या १५ वर्षांच्या अहवालात, ५ ते ९ वर्षांच्या कालावधीत वरच्या जबड्यातील ८१ टक्के व खालच्या जबड्यातील ९१ टक्के दंतमुळे स्थिर राहिल्याचे नमूद आहे. म्हणजे जी सुटली, त्यांचाही हिशेब त्यात होता. पुढे १९८६ साली अल्ब्रेक्टसन व सहकाऱ्यांनी नवे निकष मांडले. त्यांनुसार दंतमूळ मुळीच हलता कामा नये आणि पहिल्या वर्षानंतर अस्थीची वार्षिक झीज ०.२ मिलिमीटरहून कमी असावी. काल जे यश होते, ते आज अपयश ठरले.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. हलणारे दंतमूळ यशस्वी मानून जागीच राहू दिले, तर भोवतीची अस्थी झिजत जाते व पुनरारोपणास आधार उरत नाही. यास्तव असे दंतमूळ वेळीच काढून, जखम भरल्यावर नवे बसविणे हा मार्ग रूढ झाला. कारणांचा शोधही त्यामुळे नेमका झाला. अस्थीस छिद्र पाडताना निर्माण होणारी उष्णता, जंतुसंसर्ग आणि अकाली पडणारा भार यांमुळे संयोगच होत नाही, हे आरंभीचे अपयश होय. सशांवरील १९८३ च्या प्रयोगांत ४७ अंश सेल्सियस तापमान एक मिनिट राहिल्यानेही अस्थीस इजा झाल्याचे दिसले. संयोग झाल्यानंतर येणारे अपयश बहुधा जंतूंच्या थराने होणाऱ्या दाहाचे असते. धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो. त्यावर थर खरवडणे, मुखस्वच्छता आणि आवश्यक तेथे शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. तरीही गमावलेली अस्थी पूर्णपणे परत मिळविणे कठीणच असते.

यावरून दिसते की, या विद्येची प्रगती टायटॅनियमच्या गुणांइतकीच अपयश मोजण्याच्या कठोरतेवर अवलंबून होती.